पाटलांना चढते, पोराला चढत नाही

"साहेब, तपास करा. माझ्या पोराला दारू चढत न्हाय."

आबकारी खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या टेबलासमोर लोक नाना तक्रारी घेऊन यायचे. नवरा पितो, जावई पितो, गुरव पिऊन घंटा वाजवतो, दुकानदार पाणी घालतो. पण दारू चढत नाही म्हणून बापानं पोटच्या पोरावर केलेली तक्रार मी त्याआधी ऐकली नव्हती. पुढंही कधी ऐकली नाही.

तक्रारदार होते गणपतराव, येरमाळ्याच्या अलीकडच्या एका गावचे माली पाटील. गावाचं नाव लिहीत नाही, नातवंडं तिथंच नांदतात. निजामाच्या राज्यात गावाला दोन पाटील असायचे. पोलीस पाटील चोर-दरोडे बघायचा आणि माली पाटील सारा वसूल करायचा. दोघांचं आपसात पटत असेल तर त्या गावात काहीतरी काळंबेरं आहे, असं आम्ही सरकारी माणसं खुशाल धरून चालायचो.

मी कळंबला सब-इन्स्पेक्टर होतो. आबकारी म्हणजे दारू, शिंदी, अफू, गांजा यांच्यावरची सरकारी देखरेख. सरकारचं म्हणणं साधं होतं, प्या, पण आमचीच प्या. सरकारी भट्टीची मोहाची दारू गुत्तेदाराच्या दुकानात यायची. गुत्ता म्हणजे दुकानाचा ठेका, आणि बोलण्यात दुकानालाच गुत्ता म्हणायचे. गुत्तेदारानं दारूत पाणी घालू नये, हातभट्टीचा माल मिसळू नये आणि अज्ञान माणसाला विकू नये, हे बघायला मी. अज्ञान म्हणजे वयानं लहान. अकलेनं कमी असलेल्याला विकायला मनाई नव्हती, नाहीतर सगळी दुकानं बसली असती.

"पाटील, चढत नाही म्हणजे काय? पोरगं पितं?"

"मीच पाजतो की."

"तुम्ही?"

"मग काय गुत्त्यावर धाडू?" पाटील खुर्चीत पुढं सरकले. मोठा फेटा, झुपकेदार मिशा, आणि बोलणं चावडीवर बसल्यासारखं. "नीट ऐकून घ्या. माझा थोरला भाऊ चोरून प्यायचा. बापाला पत्ता न्हाय. पत्ता लागला तवा भाऊ ओढ्यात पडला हुता, पुन्हा उठलाच न्हाय. तवाच म्या ठरवलं, माझं पोरगं चोरून पिणार न्हाय. बाजाराच्या दिवशी, जेवायच्या आधी, बापाच्या म्होरं बसून एक वाटी. काय असतंय ते कळू दे. किती झेपतंय ते कळू दे. उद्या भाईर गेलं तरी कुणी त्याला फशी पाडणार न्हाय."

युक्तिवाद ऐकायला वाईट नव्हता. आजही शिकलेली माणसं मला हाच सांगतात, फक्त त्यांच्याकडं वाटीच्या जागी काचेचा पेला असतो. पण भावाचं सांगताना पाटलांचा आवाज जरा उतरला, तेवढ्यासाठी मी त्यांना मधे तोडलं नाही.

"मग अडचण काय झाली?"

"एकाच बाटलीतली, एकाच मापाच्या वाटीनं आमी दोघं घेतो. मला चढते. झकास चढते. गातो म्हणं, बडबडतो म्हणं, कधी रडतो बी म्हणं. मला तर दुसऱ्या दिशी काय आठवत न्हाय. आन् हे कार्टं वाटी रिकामी करतंय आन् भूगोलाचं पुस्तक उघडून बसतंय! डोळा लाल न्हाय, जीभ जड न्हाय. म्हंजी काय झालं?"

"काय झालं?"

"पोरगं पोचलेलं हाय, साहेब!"

पोचलेला हा शब्द आमच्याकडं साधूला लावतात आणि बिलंदरालाही. पाटलांच्या डोळ्यांतला संताप बघून त्यांना साधू म्हणायचं नव्हतं हे कळलं.

"भाईर कुठंतरी लई दिवसांपास्नं ढोसतंय ते. म्हणून घरची त्याला लागंना. कुठल्या गुत्त्यावर जातंय ते तुमी हुडका. मी तंवर त्याचं धाराशिवला जाणं बंद केलंय."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. कारण हे धाराशिवला जाणं काय होतं ते मला ठाऊक होतं. पाटलांचा पोरगा विश्वनाथ, घरात त्याला इशा म्हणायचे, कळंबच्या शाळेत मिडलच्या परीक्षेत पहिला आला होता. उर्दूतून, आणि तो घरी मराठी बोलणारा. हेडमास्तरांनी खटपट करून धाराशिवच्या हायस्कुलात त्याचं नाव घालायचं ठरवलं होतं. कागदोपत्री उस्मानाबाद, तोंडी धाराशिव. त्या गावातून हायस्कुलात जाणारा पहिलाच पोरगा. शाळा आता सुरूच होणार होती.

"पाटील, अहो, नाव घालायची मुदत निघून जाईल."

"जाऊ द्या की. पोचलेलं पोरगं एकटं शहरात सोडू? बोर्डिंगमधी बसून पिऊन मरंल. तुमच्या तपासात निर्दोष निघालं तर धाडीन. न्हाईतर औताला जुंपतो."

म्हणजे एका पोराचं शिक्षण आता आबकारी खात्याच्या अहवालावर लटकलं होतं. असलं काम मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

नेमके त्याच आठवड्यात आमचे मोहतमिमसाहेब कळंबला दौऱ्यावर आले. मोहतमिम म्हणजे जिल्ह्याचा आमचा वरिष्ठ. साहेब पाच वक्ताचे नमाजी. जन्मात थेंबाला शिवले नव्हते, दुकानाच्या तपासणीला गेले तर नाकाला रुमाल लावून उभे राहायचे. आणि अख्ख्या जिल्ह्याची दारू त्यांच्या सहीनं विकली जायची. मी तक्रार सांगितली.

"क्या बोलरे मियाँ? बाप पिलारा, बेटे कू चढ नै री?"

"हौ, साहब."

"और बाप शिकायत कररा?"

साहेब हसले. चष्मा काढून हसले. पाणी पिऊन पुन्हा हसले. मग एकदम गंभीर झाले, कारण मी विचारलं, बापानं अज्ञान पोराला घरात पाजली तर गुन्हा कुणाचा? साहेबांनी कायद्याचं पुस्तक मागवलं, आम्ही दोघांनी पानं उलटली. विकायला मनाई होती. घरात ओतून द्यायला कसलीच नव्हती. कायदा करणाऱ्याच्या डोक्यात असा बाप आलाच नसावा.

"कानून में नै है," साहेब पुस्तक मिटून म्हणाले. "लेकिन कोई गुत्तेदार लडके कू बेचरा होंगा, तो उसका लायसन खलास. जाओ, देखो."

आधी गुत्त्यावर गेलो. गुत्तेदार यल्लप्पा, माझ्याच उमरग्याकडचा. एरवी मराठी झकास बोलायचा, पण घाबरला की कानडीवर घसरायचा. मी इशाचं नाव काढताच तो गल्ल्यावरून उठला.

"इल्ला साहेब्रे, इल्ला! देवाशपथ! ते पोरगं ह्या वाटेनं जात बी न्हाय. पाटलाचा गडी येतो, बाटली नेतो, तेवढंच."

"माल दाखव."

आता हे जरा समजावून सांगतो. दारू पाण्यापेक्षा हलकी असते. आमच्याकडं हायड्रोमीटर नावाची एक काचेची नळी असायची, खाली फुगीर, वर बारीक दांडी आणि दांडीवर आकडे. उभट भांड्यात दारू ओतायची आणि नळी त्यात सोडायची. दारू कडक असेल तर नळी खोल बुडते. पाणी घातलं असेल तर वर येते. खोटं बोलता न येणारा खात्यातला तो एकच नोकर. लोक तिला साहेबाचा भवरा म्हणायचे.

यल्लप्पाच्या दारूत भवरा बरोबर जिथं बुडायला हवा तिथं बुडाला. मला एवढं नवल वाटलं की मी पुन्हा एकदा बुडवून बघितला. मग चूळ भरून थुंकलो. खात्यात चव बघायची ती अशीच, गिळायची नाही. निदान दिवसा तरी नाही. माल चोख होता. यल्लप्पानं कपाळाचा घाम पुसला आणि तो मराठीत परत आला.

तिथून तट्टावर बसून पाटलांच्या गावाला निघालो. गावाच्या अलीकडं विहिरीवर इशाच भेटला. पंधरा-सोळा वर्षांचा, काटकुळा, मिसरूड फुटायच्या बेतात. मी म्हणालो, "तोंड उघड. फू कर."

त्यानं केलं. कांदा-भाकरीचा वास आला. दुसरा कसलाही नाही.

"गुत्त्यावर जातोस का रे?"

"न्हाय साहेब. येडाईची आण." येडाई म्हणजे येरमाळ्याची देवी.

"मग बापानं दिलेली चढत कशी नाही तुला?"

पोराची छाती फुगली. इतका वेळ घाबरलेला चेहरा उजळला. "चढतच न्हाय, साहेब! माझं पोटच तसं हाय, लोखंडाचं. आबा अर्ध्या वाटीतच डुलाया लागत्यात. मला काय सुदिक वाटत न्हाय. सगळी पोरं म्हणत्यात, इशा, तू लई दमाचा गडी. धाराशिवला गेलो की गुत्त्यावर आख्खी बाटली उभ्यानं पिऊन दाखवणार हाय म्या. पैज लागलीय."

यल्लप्पाच्या दुकानातली अख्खी बाटली उभ्यानं प्यायली तर या काडीपैलवानाला झोळीत घालून आणावं लागलं असतं. गुत्त्यावर चोख माल, घरी पोचेपर्यंत त्याचं काहीतरी भलतंच होत होतं, आणि ते पिऊन पोरगं स्वतःला वीर समजत होतं. तपास आता स्वयंपाकघराच्या दिशेनं वळला.

पाटील चावडीवर होते. दारात सोनाबाई आल्या. त्यांची बायको, डोईवर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, हात पिठाचे. मी खात्याचं नाव सांगितलं आणि पाटील पितात ती बाटली बघायला मागितली. त्यांनी आतून बाटली आणून माझ्यासमोर आपटल्यासारखी ठेवली.

मी ओसरीवर बसलो, भांड्यात ओतली, भवरा सोडला. तो बुडायच्या ऐवजी टुणकन वर आला. साधं पाणीसुद्धा त्याला इतकं वर लोटत नाही. म्हणजे पाण्यात काहीतरी विरघळलेलं होतं. वास मात्र मोहाचा येत होता, अगदी वरवर. मी घोट तोंडात घेतला. घसा जळला. ओवा, मिरी, आणि मागून गोड.

"वैनी," मी म्हणालो, "गूळ किती घातलाय?"

"बसंल तेवढा," सोनाबाई म्हणाल्या. मग एकदम चपापल्या. मग मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "व्हय, म्या घातलाय. ओव्याचं पाणी कढवते, गाळते, मिरी घालते, गूळ घालते. वरून एक चमचा तुमची सरकारी, वासापुरती. धरून न्या मला."

"खरी दारू कुठं जाते?"

"जू घासून आमच्या बैलाचा खांदा सुजून आला हुता. त्याला चोळते. बैल बरा झाला. मानसापेक्षा बैलाला लागू पडती तुमची दारू."

मला हसू आवरेना. पण बाई हसत नव्हत्या.

"हे म्हणत्यात, घरात पाजली म्हंजी पोरगं शहाणं हुतंय. म्या म्हणलं, अवो, इहिरीत पोहायला शिकवा, शिकवावं ते. ह्याच्यात कशाला बुडवताय? तर म्हणले, तुला काय कळतंय. बरं म्हणलं, न्हाय कळत. पुन्हा एका शब्दानं बोलले न्हाय, बाटली बदलून टाकली."

"आणि पाटलांना चढते ती कशी?"

आता मात्र बाईंनी पदर तोंडाला लावला. "ते मला काय इचारता? पैल्या दिशी अर्ध्या वाटीतच डुलाया लागले. मला वाटलं, ह्यांना कळलंय म्हणून नाटक करत्यात. मग गौळण म्हणाया लागले. मग म्हणलं, न्हाय बाई, ह्यांना खरंच चढली."

"वैनी, एक सांगू का? तुमच्या ह्या ओव्यापायी पोराची शाळा चाललीय."

त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाटलांनी घरात एवढंच सांगितलं होतं, इशा जाणार न्हाय, कारण इचारायचं न्हाय. मी पोचलेल्याची गोष्ट सांगितली. पैजेचीही सांगितली. सोनाबाई उंबऱ्यावर मटकन बसल्या. पिठाचे हात तसेच मांडीवर.

"आगं आई येडाई," त्या पुटपुटल्या. "म्या पोराला वाचवाया गेले आन् खड्ड्यात घातलं की वो."

"मग पाटलांना खरं सांगू?"

"नगा! पाण्यावर झिंगले म्हणून गावात हसं हुईल. त्यो पोलीस पाटील तर साखर वाटंल. त्यांना तोंड काढायला जागा ऱ्हाणार न्हाय."

"मग पोरगं घरी बसू दे?"

"त्याला तर धाडायचंच."

"अहो वैनी, दोन्ही कसं जमायचं?"

"तुमी साहेब हाव ना? तुमीच बगा." असं म्हणून त्या आत निघून गेल्या. सरकारी नोकरीत सगळ्यात अवघड हुकूम असेच तोंडी मिळतात.

तो बाजाराचा दिवस होता. दिवेलागणीला पाटील आले, मला जेवायला ठेवून घेतलं. ओसरीवर घोंगडं अंथरलं. बाजूला शेगडी धगधगत होती. पाटलांनी इशाला समोर बसवलं आणि बाटली मागवली. सोनाबाईंनी आणून दिली, माझ्याकडं न बघता.

"तपास झाला, पाटील," मी म्हणालो. "पोरगं निर्दोष आहे. कुठल्या गुत्त्यावर जात नाही."

"मग चढत का न्हाय?"

"माल जरा... सौम्य आहे."

"सौम्य?" पाटील गरजले. "आत्ता दावतो सौम्य." त्यांनी वाटी भरली आणि तोंडाला लावली. इशानंही आपली वाटी सराईतासारखी रिकामी केली, मिशीच्या जागेवरून हात फिरवला.

खोटं सांगत नाही, माझी तंबाखू मळून व्हायच्या आत पाटलांचे डोळे मिटायला लागले. फेटा डाव्या कानावर आला. मान डुलायला लागली. त्यांनी गौळण सुरू केली, दुसऱ्या ओळीत ती भूपाळी झाली. मी ओठ चावून बसलो होतो. मी या धंद्यात किती झिंगलेले बघितले असतील! चालणं, बोलणं, नजर, सगळं तंतोतंत. नाटक असतं तर मी ओळखलं असतं.

मग त्यांनी हात पुढं केला. "इशा, हिकडं ये."

पोरगं सरकलं. पाटलांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मानेपर्यंत. लहान लेकराला कुरवाळतात तसा.

"तू चाललास, बाबा," ते म्हणाले, आणि आवाज फाटला. "तू गेल्यावर सांजच्याला मी कुणाशी बोलू रे? आमच्या बानं मला जवळ बसवलंच न्हाय कवा. भाऊ हुता, त्यो बी गेला. बाजाराचा दिस आला की वाटतंय, इशा म्होरं बसंल. तू न्हाईस म्हणलं की हे घर मला खाया उठतंय."

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. इशा खाली मान घालून बसला होता. आतल्या दारात सोनाबाई उभ्या होत्या.

पाटलांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि क्षणात त्यांच्यातला माली पाटील जागा झाला. "बघितलं साहेब? बघितला मालाचा जोर? मला बोलाया लावतोय! आन् हे कार्टं बघा, ढिम्म! त्या यल्लप्यानंच ह्याला तयार केलंय. तुमाला त्यानं गुंडाळलं. उद्या पंच घेऊन जातो, त्याचं दुकान बंद पाडतो, आन् ह्या कार्ट्याला उद्यापास्नं औताला..."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सोनाबाई बाहेर आल्या. बाटली उचलली आणि शेगडीवर उपडी केली.

पाटील ओरडून मागं सरकले. कारण दारू विस्तवावर ओतली तर भडका उडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथं चुर्रर्र झालं, वाफ निघाली आणि शेगडी विझली. ओसरीभर कढलेल्या ओव्याचा वास सुटला.

"ही कसली?" पाटील म्हणाले.

"ओव्याचं पाणी. पैल्या दिवसापास्नं. यल्लप्पाला काय करू नका, पोराला काय करू नका. म्या केलंय."

पहिला बोलला तो इशा. "म्हंजी? म्हंजी म्या कवा प्यालोच न्हाय?" इतका पडलेला चेहरा मी नापास झालेल्या पोराचाही बघितला नाही. लोखंडाचं पोट एका क्षणात पत्र्याचं झालं. पैज तर गेलीच.

पाटील विझलेल्या शेगडीकडं बघत होते. मान आता डुलत नव्हती. फेटा त्यांनी हळूच सरळ केला.

"मग मला चढत हुती ती काय?"

मी सरकारी माणूस, मी तंबाखूची चंची आवळत बसलो.

"आन् आत्ता मी पोराला बोललो ते?"

"ते शुद्धीवर बोललात," सोनाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आजवर जे जे बोललात ते समदं शुद्धीवर."

"मला काय आठवत न्हाय," पाटील सवयीनं म्हणाले.

"ओव्यानं इसर पडत न्हाय."

पाटील उठले आणि तरातरा गोठ्याकडं गेले. मला वाटलं, आता हा माणूस बायकोला माहेरी धाडणार, मला गावाबाहेर काढणार. सोनाबाईंनाही तेच वाटलं असावं, कारण पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. इशा थोडा वेळ बसला, मग आपणच उठून बापाच्या मागं गेला.

आम्ही दोघं कान देऊन बसलो. बराच वेळ नुसती बैलांची रवंथ ऐकू येत होती. मग पाटलांचा आवाज आला, हळू, चावडीवरचा नाही.

"इशा, त्या भूगोलात काय असतंय रं?"

पोरगं सांगायला लागलं. नद्या, डोंगर, कुठलं कुठलं. पाटील मधेच "असं व्हय?" म्हणत होते. सोनाबाईंनी डोळे पुसले आणि मला वाढायला घेतलं. धपाटं, ठेचा आणि दही. ते दोघं काही जेवायला येईनात, म्हणून मी त्यांच्या वाटणीचंही थोडं खाल्लं. तपास म्हटला की भूक लागतेच.

मोहतमिमसाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, गुत्तेदाराचा गुन्हा? नै साहब. बापाचा? शराबच नव्हती, गुन्हा कसला? साहेब विचारात पडले. "फिर बाप कू चढा क्या था?"

"अजवाइन, साहब."

साहेब या वेळी हसले नाहीत. ते रोज जेवणानंतर चिमूटभर ओवा खायचे. त्या दिवसापासून त्यांनी तो बंद केला आणि बडीशेप सुरू केली.

इशा धाराशिवला निघाला त्या सकाळी मी येरमाळ्याला कामानं होतो. मोटार उभी होती, लोक चढत होते. इशाची वळकटी टपावर गेली. सोनाबाई शांत होत्या, त्यांनी पोराच्या हातात धपाट्यांचं गाठोडं दिलं. पाटलांनी मात्र त्याला भर रस्त्यात मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागले. एवढा मोठा माली पाटील, मिशा भिजलेल्या. लोक थांबून बघायला लागले.

शेजारच्या एकानं मला कोपरानं ढोसलं. "साहेब, तुमी आबकारीचे ना? बघा की, पाटील सकाळी सकाळीच टाकून आलेत."

पाटलांनी ते ऐकलं. पोराला न सोडता मान वळवली.

"प्यालेलो न्हाय रं," ते म्हणाले. "तसाच रडतोय."

मोटार गेली. पाटील धूळ खाली बसेपर्यंत उभे होते. मग मिशा पुसून माझ्याकडं आले आणि म्हणाले, "दर म्हैन्याला मी धाराशिवला जाऊन येणार. बोर्डिंगवाले बसू देतेत का हो बापाला?" मी म्हणालो, नाही बसू दिलं तर मला कळवा. तसं कळवायची वेळ आली नाही. मॅट्रिक होईपर्यंत पाटील दर महिन्याला जात राहिले.

मी निवृत्त झालो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आबकारीचा माणूस म्हणून लोक अजून विचारतात, पोरगं मोठं झालंय, बाहेर जाऊन पिण्यापेक्षा घरातच थोडी द्यावी का? मी त्यांना सांगतो, पाजू नका. आणि गुपचूप बाटलीही बदलू नका, त्यानं पोरगं वीर होतं. पोराजवळ बसावंसं वाटत असेल तर नुसतं बसा. त्याला लायसन लागत नाही.